गणवेशावरचे राष्ट्र : मानाग्वा, १९७२

खेळाचा इतिहास आपल्याकडे बहुधा कोष्टकांतून लिहिला जातो. कोण जिंकले, कोण हरले, कोणी किती धावा केल्या. या कोष्टकांत राष्ट्रांची नावे असतात. राष्ट्र म्हणजे नेमके कोण, हे मात्र कोष्टक सांगत नाही. खेळाडूच्या छातीवर देशाचे नाव शिवलेले असते. त्याच्या बापाला मजुरी किती मिळाली, त्याची आई कोणाचे कपडे धूत होती, त्याला स्वतःला कोणत्या हॉटेलात पाऊल टाकू दिले नाही, हे प्रश्न क्रीडावार्ताहराच्या अखत्यारीबाहेरचे मानले जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तसे मानता येणार नाही.

प्रस्तुत लेखात मी एकाच स्पर्धेचा विचार करणार आहे. १९७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाच्या राजधानीत, मानाग्वा येथे, हौशी बेसबॉलची जागतिक स्पर्धा भरली. १६ देशांचे संघ आले होते. बेसबॉल आपल्या परिचयाचा खेळ नाही, म्हणून दोनच वाक्ये: एका बाजूला नऊ खेळाडू, पिचर चेंडू फेकतो, फलंदाज गोल दांड्याने तो टोलवतो आणि चार ठाण्यांना वळसा घालून परत आला की एक धाव होते. प्रत्येक बाजूला नऊ डाव. एवढे कळले तरी पुढचे समजण्यास अडचण पडू नये, कारण पुढचे सारे मैदानापेक्षा मैदानाबाहेरचेच अधिक आहे.

आधी ‘हौशी’ या शब्दाकडे पाहू. हा शब्द वरवर निरागस दिसतो. पैशासाठी नव्हे, खेळावरील प्रेमापोटी खेळणारा तो हौशी. पण पोट भरलेले असल्याशिवाय हौस परवडत नाही, हे ज्याने रोजगार बुडवून खेळ खेळला आहे त्याला सांगावे लागत नाही. क्यूबाचे उदाहरण घ्या. तेथील व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९०० पासून कृष्णवर्णीय खेळाडू खेळत होते. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला उत्तम खेळ हवा होता आणि मालकाला गल्ला हवा होता. हौशी बेसबॉल मात्र हवानातील वेदादो टेनिस क्लबसारख्या श्रीमंत, गोऱ्या क्लबांच्या हाती होते. त्यांच्या संघटनेच्या स्पर्धेत काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण सामना संपल्यावर क्लबात एकत्र बसणे आले, खाणेपिणे आले, नाच आले, आणि तिथे काळा माणूस चालणार नव्हता. बाजारात जो चालतो तो घरात चालत नाही, हे तत्त्व आपल्या वाचकांना नवे नाही. पुण्याच्या क्लबात पाळवणकर बाळूंना चहा कुठे आणि कशात मिळत असे, ते मी इथे पुन्हा सांगत नाही.

हौशी बेसबॉलची ही जागतिक स्पर्धा १९३८ मध्ये इंग्लंडात सुरू झाली. पहिल्या वर्षी ब्रिटन आणि अमेरिका असे दोनच संघ होते आणि ब्रिटनने पाचपैकी चार सामने जिंकले. ब्रिटनचा संघ मुख्यत्वे कॅनडाच्या खेळाडूंचा होता, ही त्यातली गंमत. १९३९ पासून सलग पाच वर्षे स्पर्धा हवानात भरली. त्यातली चार विजेतीपदे क्यूबाने मिळवली. १९४१ मध्ये व्हेनेझुएलाने अंतिम लढतीत क्यूबाला ३-१ असे हरवले. या वर्षांतला क्यूबाचा संघ मुख्यतः वर सांगितलेल्या हौशी संघटनेच्या क्लबांतूनच उभा राहत असे. मार्तिन दिहिगो हा क्यूबाचा त्या काळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू, मैदानावरील जवळजवळ प्रत्येक जागी खेळू शकणारा. तो काळा होता. अमेरिकेत तो नीग्रो लीगमध्ये खेळला, मेक्सिकोत खेळला, मायदेशी व्यावसायिक संघांतून खेळला. देशातील हौशी क्लबांचे दार त्याला कधी उघडले नाही. अमेरिकेतील कूपर्सटाउनच्या बेसबॉल सन्मानगृहात १९७७ मध्ये त्याचे नाव लागले. तेव्हा तो जाऊन सहा वर्षे झाली होती.

१९५९ च्या क्रांतीनंतर हे क्लब गेले आणि १९६१ पासून क्यूबात व्यावसायिक बेसबॉल बंद झाले. सत्तरच्या दशकात क्यूबाच्या राष्ट्रीय संघातून आगुस्तिन मार्केत्ती, आर्मांदो कापिरो यांसारखे कृष्णवर्णीय फलंदाज खेळत होते. वीस वर्षांपूर्वी यांपैकी कोणी हवानाच्या त्या क्लबांच्या फाटकातून खेळाडू म्हणून आत गेला नसता. यावरून क्यूबात वर्णभेद समूळ संपला असे मी म्हणत नाही. शिवाय या खेळाडूंना देश सोडून अन्यत्र खेळण्याची मुभा नव्हती, हेही नोंदले पाहिजे. पण राष्ट्रीय संघ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर तिथे बदलले होते. आणि ते खेळाच्या नियमांतील दुरुस्तीने बदललेले नव्हते.

आता मानाग्वा. निकाराग्वात बेसबॉल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले ते अटलांटिक किनाऱ्यावरील ब्लूफील्ड्स गावातून. या किनाऱ्यावर ब्रिटिशांचा वावर होता, इंग्रजी बोलणारी काळी क्रिओल वस्ती होती आणि आधी तिथे क्रिकेट खेळले जात होते. म्हणजे गुलामांच्या वंशजांनी एका साम्राज्याचा खेळ टाकून दुसऱ्या साम्राज्याचा खेळ उचलला. पुढे १९१२ ते १९३३ या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, अमेरिकेचे नौसैनिक या देशात ठाण मांडून होते. त्यांच्याशी लढणारा सेनानी सान्दिनो याचा १९३४ मध्ये खून झाला. तो करविणारा नॅशनल गार्डचा प्रमुख अनास्तासिओ सोमोसा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि सोमोसा घराण्याने १९७९ पर्यंत देश आपल्या मुठीत ठेवला.

या घराण्याला बेसबॉलची उपयुक्तता चांगली कळली होती. १९४८ ची जागतिक स्पर्धा मानाग्वात भरली तेव्हा तिच्यासाठी मोठे क्रीडांगण बांधण्यात आले. त्याला नाव दिले जनरल सोमोसांचे. १९५४ मध्ये क्रीडांगणापुढे जनरलसाहेबांचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला. कवी एर्नेस्तो कार्देनाल यांनी त्या अनावरणावर एक छोटीशी कविता लिहिली. तिच्या नुसत्या शीर्षकात सोमोसा हे नाव तीनदा येते. ज्या देशात ऊस, कापूस, सिमेंट, विमान कंपनी असे बरेच काही एका घराण्याच्या मालकीचे होते, तिथे कवीला याहून अधिक उपहास करण्याची गरज पडली नसावी.

१९७२ मध्ये धाकटा सोमोसा सत्तेवर होता. कागदोपत्री त्या वर्षी तिघांचे एक मंडळ राज्य करीत होते. बंदुका मात्र नॅशनल गार्डच्या होत्या आणि गार्ड सोमोसाचा होता. अशा या शहरात क्यूबाचा संघ खेळायला आला. अकरा वर्षांपूर्वी, एप्रिल १९६१ मध्ये, क्यूबावर चालून गेलेली अमेरिका-पुरस्कृत फौज निकाराग्वाच्याच पुएर्तो काबेसास बंदरातून निघाली होती. ती फौज डुकरांच्या आखातात उतरली त्या दिवसांत क्यूबाचा संघ शेजारच्या कोस्टा रिकात याच जागतिक स्पर्धेत खेळत होता आणि तो अजिंक्य ठरला. हे सारे मानाग्वातील प्रेक्षकांना ठाऊक होते. यजमान निकाराग्वाने क्यूबाला २-० असे हरवले, हुलिओ हुआरेस या पिचरने क्यूबाला एकही धाव दिली नाही, तेव्हा शहर रस्त्यावर आले. स्पर्धेतील क्यूबाचा हा एकमेव पराभव. विजेतेपद क्यूबाकडेच राहिले. अमेरिका दुसरी, निकाराग्वा तिसरा. पण निकाराग्वात आजही आठवण काढतात ती त्या २-० ची. हुकूमशहाच्या नावाच्या मैदानावर गरिबांना झालेला तो आनंद खोटा होता, असे काही पुरोगामी मित्र म्हणतील. मला तसे वाटत नाही. आनंद त्यांचा होता. मैदान तेवढे सोमोसाचे होते.

याच स्पर्धेत पोर्तो रिकोचा संघ होता, आणि माझ्या विवेचनाचा मुख्य धागा तोच आहे. पोर्तो रिको हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. १९१७ मध्ये तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पण बेटावर राहणाऱ्या नागरिकाला अमेरिकेचा अध्यक्ष निवडण्याचा हक्क नाही आणि अमेरिकी संसदेतील बेटाच्या एकमेव प्रतिनिधीला अंतिम मतदानात मत नाही. संयुक्त राष्ट्रसंघात जागा नाही. मात्र १९४८ पासून ऑलिंपिकमध्ये वेगळा संघ आहे. मानाग्वातही अमेरिका वेगळी आणि पोर्तो रिको वेगळे, असे दोन संघ उतरले. राज्यघटनेत जे राष्ट्र नाही, ते मैदानात राष्ट्र आहे! राज्यशास्त्राच्या वर्गात सार्वभौमत्वाची व्याख्या शिकवताना मी हे उदाहरण देतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

या संघाचा व्यवस्थापक होता रोबेर्तो क्लेमेन्ते. तो स्वतः हौशी नव्हता. अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाचा तो सर्वांत नामवंत खेळाडू. स्पर्धेच्या दीड महिना आधी, ३० सप्टेंबर १९७२ रोजी, त्याने आपला तीन हजारावा यशस्वी टोला मारला होता. तोपर्यंत त्याच्या आधी केवळ दहा जणांना ते जमले होते. हंगाम संपल्यावर घरी विश्रांती घ्यायची सोडून तो मायदेशाच्या हौशी पोरांचा संघ घेऊन मानाग्वाला आला. संघ पदकापर्यंत पोहोचला नाही. कोष्टकाच्या दृष्टीने गोष्ट इथेच संपते.

पण हा माणूस कोण होता? १८ ऑगस्ट १९३४ रोजी कारोलिना गावाच्या सान अन्तोन वस्तीत तो जन्मला. सात भावंडांत सर्वांत धाकटा. बाप मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम. आई लुईसा लोकांचे कपडे धूत असे आणि ऊसतोड मजुरांना जेवण पुरवत असे. पोर्तो रिकोत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८७३ मध्ये. म्हणजे काळ फार लोटला नव्हता. १९५५ मध्ये तो पिट्सबर्गकडून खेळू लागला. जॅकी रॉबिन्सनने वर्णरेषा ओलांडून आठ वर्षे झाली होती, पण ही रेषा मैदानात तेवढी पुसली होती. संघाचा वसंत ऋतूतील सराव फ्लोरिडातील फोर्ट मायर्स गावी होत असे. गोरे खेळाडू हॉटेलात उतरत. काळ्यांना काळ्या वस्तीतील घरांत राहावे लागे. प्रवासात गोरे सहकारी खाणावळीत जाऊन जेवत आणि काळे बसमध्ये बसून राहत. कोणी आणून दिले तर खात. क्लेमेन्तेने इतर काळ्या सहकाऱ्यांना सांगितले की बसमध्ये आणून दिलेले असे अन्न घेऊ नका. मग त्याने व्यवस्थापनाकडे मागणी करून काळ्या खेळाडूंसाठी स्वतंत्र गाडी मिळवली. वेगळी गाडी हा काही समतेचा विजय नव्हे, हे उघड आहे. पण उष्टे-खरकटे नाकारण्यापासून आरंभ होतो, त्याची किंमत आपण ओळखतो.

त्याच्यावर दुहेरी ओझे होते: काळा, आणि वर स्पॅनिश बोलणारा. वार्ताहर त्याचे इंग्रजी मुद्दाम तुटक-फुटक, उच्चाराबरहुकूम छापत, जेणेकरून वाचकाला तो अडाणी वाटावा. एकाही वार्ताहराला स्पॅनिश येत नसे, ही गोष्ट अडाणीपणात मोजली जात नव्हती. रोबेर्तो हे नाव त्यांना जड जाई, म्हणून ते ‘बॉब’ लिहीत. खेळाडूंची छायाचित्रे असलेल्या पत्त्यांवरही कित्येक वर्षे ‘बॉब क्लेमेन्ते’ असेच छापले जाई. तो प्रत्येक वेळी सांगे, माझे नाव रोबेर्तो आहे. नावाचा हा आग्रह काहींना क्षुल्लक वाटेल. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे ते गुरुजींनी त्यांच्या सोयीने लिहिलेले आहे, आणि जन्मतारीख अर्थात १ जून. घरात शाळेची पाटी पहिल्यांदा आली तेव्हा नाव आपण ठेवायचे असते हे आजोबांना कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे मला तरी हा आग्रह क्षुल्लक वाटत नाही.

१९६८ च्या ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. हंगामाचा पहिला सामना त्यांच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी होता. पिट्सबर्गच्या संघात त्या वेळी अकरा काळे खेळाडू होते. अंत्यविधी होईपर्यंत आम्ही खेळणार नाही, असे त्यांनी ठरवले; क्लेमेन्ते त्यांत पुढे होता, आणि गोरे सहकारीही त्यांच्याबरोबर राहिले. सामने पुढे ढकलावे लागले. डिसेंबर १९६९ मध्ये खेळाडूंच्या संघटनेची बैठक पोर्तो रिकोतच, सान हुआन येथे झाली. कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूने, मालक आम्हांला गुरांसारखे विकतात-बदलतात, याविरुद्ध न्यायालयात जाण्याचे ठरवले होते. क्लेमेन्ते त्याच्या बाजूने बोलला. (फ्लड जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला, त्याची खेळाची कारकीर्द तोवर संपलीच होती.) आणि १ सप्टेंबर १९७१ रोजी पिट्सबर्गने फिलाडेल्फियाविरुद्ध जे नऊ खेळाडू उतरवले त्यांत एकही गोरा नव्हता. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते. त्या नऊ जणांत अमेरिकी काळे होते, पनामाचे दोघे होते, क्यूबाचा एक होता आणि पोर्तो रिकोचा क्लेमेन्ते. राष्ट्रांच्या नावाने भरलेल्या कोणत्याही स्पर्धेत असा संघ बसला नसता. सामना त्यांनी १०-७ असा जिंकला.

हा माणूस मानाग्वात तीन आठवडे राहिला. संघाचा मुक्काम इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात होता. त्याच हॉटेलाच्या वरच्या मजल्यांवर अमेरिकी अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज पडदे ओढून राहत होता. क्लेमेन्ते सकाळी पायी बाहेर पडे आणि गरिबांच्या गल्ल्यांतून लोकांशी बोलत हिंडे. त्याला कारोलिनाची आठवण होत असणार. अपघातात दोन्ही पाय गमावलेल्या एका मुलाला त्याने कृत्रिम पाय मिळवून देण्याचे कबूल केले आणि आपल्या खेळाडूंनाही त्यासाठी पैसे काढायला लावले.

संघ परतले. तीन आठवड्यांच्या आत, २३ डिसेंबर १९७२ च्या मध्यरात्रीनंतर, मानाग्वा भूकंपाने कोसळले. मृतांचे अंदाज पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात. दोन लाखांवर माणसे बेघर झाली. सोमोसाचे क्रीडांगणही तडकले. जगभरातून मदत आली, आणि ती उतरवून घेण्याचे काम नॅशनल गार्डकडे आणि सोमोसाच्या माणसांकडे गेले. अन्न, औषधे, तंबू गोदामांत अडकले आणि काही थेट बाजारात विकायला आले. आपत्ती सर्वांवर सारखी कोसळते हे खरे नाही. ती वाटपाच्या रांगेत पुन्हा एकदा कोसळते.

पोर्तो रिकोत क्लेमेन्ते आणि गायिका रूथ फर्नान्देस यांनी मदत समिती उभारली. नाताळच्या दिवसांत तो दारोदार हिंडला. विमानांनी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही अशा बातम्या आल्या तेव्हा त्याने स्वतः बरोबर जायचे ठरवले. आपण समोर असलो तर गार्ड हात लावणार नाही, असा त्याचा हिशेब होता. भाड्याने घेतलेले जुने डीसी-७ मालवाहू विमान त्याच महिन्यात एकदा अपघातग्रस्त झाले होते आणि वजन मर्यादेपेक्षा सुमारे दोन टन अधिक होते. ३१ डिसेंबरच्या रात्री नऊनंतर ते उडाले आणि किनाऱ्याजवळच समुद्रात पडले. पाच जण होते. कोणी वाचले नाही. क्लेमेन्तेचा देह सापडला नाही. पिट्सबर्गचा पनामावासी सहकारी मॅनी सान्गियेन शोक-प्रार्थनेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून शोधत होता.

१९७३ च्या अखेरीस मानाग्वात पुन्हा जागतिक स्पर्धा भरली! आंतरराष्ट्रीय संघटना फुटली होती; एका गटाची स्पर्धा हवानात झाली, दुसऱ्याची मानाग्वात. शहराचा मध्यभाग उजाड पडलेला आणि पताका लागलेल्या. पुनर्रचनेच्या नावाखाली सोमोसाचे लोक जमिनी स्वस्तात घेऊन सरकारला चढ्या दराने विकत होते. गरिबांचे रक्त विकत घेऊन त्यातील प्लाझ्मा परदेशी पाठवणारी कंपनीही मानाग्वात निघाली. तिच्यात सोमोसाचे हितसंबंध होते. तिच्यावर लिहिणारे संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांचा १० जानेवारी १९७८ रोजी खून झाला. लोकांनी त्या कंपनीची इमारत जाळली. जुलै १९७९ मध्ये सोमोसा पळाला, आणि मानाग्वाच्या लोकांनी क्रीडांगणापुढचा घोडेस्वार दोर लावून खाली ओढला. क्रीडांगणाला नवे नाव मिळाले रिगोबेर्तो लोपेस पेरेस याचे. १९५६ मध्ये थोरल्या सोमोसावर गोळ्या झाडणारा कवी तोच. कार्देनाल नव्या सरकारात संस्कृतिमंत्री झाले.

अमेरिकेतील बेसबॉल सन्मानगृहाचा नियम असा की निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबायचे. क्लेमेन्तेसाठी तो बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याची निवड झाली. लॅटिन अमेरिकेतून तिथे पोहोचलेला तो पहिला. भिंतीवर त्याचा ब्राँझचा फलक बसवला गेला. स्पॅनिश रीतीने बापाचे आडनाव आधी आणि आईचे नंतर येते. त्याचे पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेन्ते वॉकर. फलकावर कोरले होते ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेन्ते’. तो फलक बदलला २००० साली.